मॉक टेस्टमधला अर्धा बँड: आयएल्ट्स शिकवायला येणाऱ्यांसाठी

आयएल्ट्स, म्हणजे परदेशी जायला लागणारी इंग्रजीची परीक्षा, शिकवायचा जॉब घेताय तर इंटरव्ह्यूतच विचारून घ्या की क्लासचा पैसा येतो कुठून. मी नव्हतं विचारलं. पुण्यात मी जिथे लागले तिथे आठ आठवड्यांची फी इतकी कमी होती की मला वाटलं काय भली माणसं आहेत. नंतर कळलं, मुलगा परदेशी युनिव्हर्सिटीत लागला की तिकडून कमिशन येतं, खरी कमाई ती. यात बेकायदा काही नाही. आयएल्ट्सच्या तीन भागीदारांपैकी आयडीपी स्वतःसुद्धा मुलांना परदेशी युनिव्हर्सिट्यांत पाठवायचं काम करते, आणि २०२१ मध्ये तिनेच ब्रिटिश काउन्सिलचा भारतातला आयएल्ट्सचा बिझनेस १३ कोटी पाउंडांना घेतला. पण या सगळ्याचा दाब शेवटी येतो तो तुमच्या लाल पेनावर.

मी कुठे अडकले ते नीट सांगते. रायटिंगला चार निकष, चौघांचं वजन सारखं. एका मुलीचा टास्क टू चा निबंध तपासला, ५, ५, ६, ६, म्हणजे सरासरी साडेपाच बँड (या परीक्षेत गुणांना बँड म्हणतात). तिला सहा हवा होता. क्लासचा काउन्सेलर, म्हणजे मुलांना परदेशी ॲडमिशनचा सल्ला देणारा, येऊन म्हणाला, मॅडम पोरगी खचेल, जरा बघा ना. तिने मेहनत घेतलीय हे मला दिसत होतं, म्हणून दोन पाचांचे सहा केले आणि झाला सहा. खोटं लिहितेय असं वाटलंच नाही हो, वाटलं धीर देतेय. पुढच्या मॉकला मी तिला सहाच्या खाली कसं दाखवणार, मग पुन्हा सहा, आणि त्या सहाच्या भरवशावर तिने सतरा-अठरा हजार भरून परीक्षेची तारीख घेतली. रिझल्ट आला, रायटिंग साडेपाच. फोनवर ती एवढंच म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर सहा दिला होता."

ते वाक्य अजून जात नाही डोक्यातून.

तेव्हा पहिल्या दिवशीचा निबंध तारीख घालून जपून ठेवा, मॉकचे पेपर नाव झाकून दुसऱ्या टीचरकडून तपासून घ्या, आणि काउन्सेलरने तोंडी बँड विचारला तर सांगू नका, चारही निकषांचे आकडे लिहून, खाली सही करून द्या. सही करायची म्हटलं की हात आपोआप आखडतो.

टेम्प्लेट पाठ करून घेणाऱ्यांच्या नादी लागू नका. पाठ केलेलं परीक्षकाला ओळखू येतं आणि त्याचे मार्क मिळत नाहीत, तरी अर्ध्या बॅचेस त्यावरच चालतात कारण "आठ आठवड्यांत बँड वाढवा" असा बोर्ड लावलेला असतो. आयएल्ट्सच्या भागीदारांपैकी केंब्रिजच्याच अंदाजाने इंग्रजीच्या बी वन (मध्यम) पातळीवरून त्यावरच्या बी टू ला जायला साधारण १५० ते २०० तास शिकवणं लागतं. रोज दीड तास, आठवड्याचे पाच दिवस, आठ आठवडे, झाले फक्त ६०. हा हिशोब पालकांसमोर मांडा, बहुतेकांना पटतो, खरंच.

ट्रेनिंगबद्दल माझं मत कडक आहे. इंग्रजी शिकवण्याचं घरी बसून मिळणारं १२० तासांचं ऑनलाइन सर्टिफिकेट आणि सेल्टा (केंब्रिजचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा कोर्स) यांत तासांचा आकडा सारखाच दिसतो, पण सेल्टामध्ये सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवावं लागतं आणि मागे बसून कुणीतरी बघत असतं. फी जास्त आहे, मला कर्ज काढावं लागलं. तरी सांगते, ज्याने तुमचा एकही तास बसून पाहिला नाही त्याला मेंटॉर म्हणू नका.

आणि घाबरू नका, प्रामाणिक आकडा देऊनही हे काम करता येतं, मी करतेय. फक्त दर बॅचमधून दोन-तीन जण शेजारच्या क्लासला जातात जिथे पहिल्याच मॉकला सात मिळतो. त्यांना अडवू नका, फी परत मागितली तर देऊन टाका. त्यातले काही परीक्षा देऊन परत येतात, तेव्हा त्यांचा पहिल्या दिवशीचा निबंध तुमच्या फाइलीत असू द्या.