ग्रामसभेत उभे राहण्याचा धीर कसा जमवावा

ग्रामसभा उठल्यावर पारावर जे बोलणे होते, त्यातले निम्मे जरी सभेत झाले असते, तरी कित्येक गावांतली गटारे वेळेवर बांधून झाली असती. माणूस सभेत गप्प बसतो तो भित्रा असतो म्हणून नव्हे. आपण उठलो तर आपल्यामागे कोण उठेल, हे त्याला ठाऊक नसते म्हणून. आजच्या सांगलीचा मोठा भाग सातारा जिल्ह्यात होता, त्या 1942 सालच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर अशा एकामागून एक ठिकाणी मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे गेले. एका गावची हकीकत ऐकूनच दुसऱ्या गावाला बळ आले असणार. वडूजला 9 सप्टेंबरला गोळीबार होऊन माणसे मेली. त्या मानाने आपल्याला फार तर गावपुढाऱ्यांची नाराजी सोसायची आहे.

अर्थात ही नाराजी हलकी नसते. ज्याच्या उसाची तोड किंवा सोसायटीचे कर्ज त्याच गटाच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याला ‘घाबरू नका’ असे सांगणाऱ्याचा स्वतःचा ऊस बहुधा शेतात नसतो. म्हणून प्रश्न पहिल्यांदा मांडायला निवृत्त शिक्षक, माजी सैनिक किंवा ज्याचे फारसे काही अडत नाही अशी व्यक्ती निवडावी आणि बाकीच्यांनी तिच्यामागे उभे राहावे.

सभेआधी चार-पाच दिवस घरोघर जाऊन बोलावे, तेही मोठ्या घोळक्याने नव्हे तर दोघांनी. शक्यतो एकच प्रश्न धरावा. पाणी, रस्ता आणि घरकुल एकत्र आणले की बोलणारा भरकटतो आणि उत्तर देणारा सुटतो. प्रश्न अर्जाच्या रूपात लिहून ग्रामपंचायतीत द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. हातात तो कागद असला की आवाज कापला तरी मुद्दा हातचा जात नाही. खर्चाचा हिशेब हवा असेल, तर माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे. त्यामुळे सभेच्या तारखेआधी महिनाभर हे काम उरकावे.

सगळ्यात महत्त्वाचा असतो तो दुसरा आवाज. तासगाव तालुक्यातल्या एका सभेत एक बाई नळाच्या पाण्याबद्दल बोलायला उठल्या, तेव्हा पुढच्या खुर्चीवरून कुणीतरी ‘बसा हो’ म्हणाले आणि त्या पदर सावरत खाली बसायला लागल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारे काठी टेकत उठले आणि ‘तिचं होऊ द्या आधी’ एवढेच म्हणाले. पुढच्या पाच मिनिटांत आणखी सहा जण बोलले. हे म्हातारे आपोआप उठत नसतात. कोणी कधी उठायचे, हे आदल्या रात्री ठरवून ठेवावे लागते.

समोरच्या गटालाही बळ कुठून मिळते, हे पाहावे. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तिने होते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. आपण ‘जाऊन काय उपयोग’ म्हणून घरी बसलो, की दहा-बारा माणसांत ठराव होऊन जातो. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती कागदोपत्रीच उरकली जात असेल, तर पहिला प्रश्न तोच विचारावा.

हात वर करायचीच धास्ती असेल, तर गुप्त मतदानाचा मार्ग कुठे आहे ते शोधावे. दारूबंदीसाठी तो आहे: आडव्या (दारू बंद) आणि उभ्या (दारू चालू) बाटलीवर शिक्का मारताना नवऱ्याची नजर तिथे पोहोचत नाही, म्हणून चारचौघांत गप्प असलेल्या बायकाही आडव्या बाटलीला मत देऊ शकतात.

सभा संपताना प्रोसिडिंग बुक, म्हणजे ठराव लिहायची वही, पुढे येते. ठराव लिहून मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नये, आणि कोऱ्या पानावर तर मुळीच नाही.