खेड्यात संमोहनाचा खेळ करायचाय? आधी माणसं निवडायला शिका

संमोहनाचे स्टेज-शो सुरू करायचे आहेत असं सांगत येणारा जवळपास प्रत्येक तरुण मला आधी नजरेबद्दल विचारतो. आरशासमोर किती वेळ पापणी न लववता बसायचं, मेणबत्तीवर त्राटक करायचं का, काळा कोट शिवायचा का. हे सगळं सोडा. मोबाइलवरच्या व्हिडिओत मानेला झटका देऊन क्षणात माणूस पाडणारे दिसतात, त्यांचंही अनुकरण करू नका. एक तर त्या झटक्याने एखाद्याची मान जायबंदी होईल. दुसरं म्हणजे तो माणूस आधीच गर्दीतून पारखून घेतलेला असतो आणि ते पारखणं व्हिडिओत दाखवत नाहीत. खरं कसब तिथेच आहे, म्हणून या लेखातली निम्म्याहून जास्त जागा मी निवडीलाच देणार आहे.

गोव्यात कांदोळीला 1756 साली जन्मलेले पाद्री आबे फरिया यांनी 1813 साली पॅरिसमध्ये लोकांसमोर संमोहनाचे प्रयोग सुरू केले. प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून कुठलंही चुंबकीय तेज बाहेर पडतं ही त्या वेळची समजूत त्यांनी मोडून काढली. जे घडतं ते समोरच्या माणसाच्या मनात घडतं, असं त्यांचं सांगणं होतं. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. पुढे 1959 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात कोण किती संमोहित होतो हे मोजायची पट्टी तयार झाली. अशा मोजमापांतून ढोबळमानाने असं दिसतं की 10 ते 15 टक्के लोक सहज खोल जातात, जवळपास तेवढ्यांवर काहीच होत नाही आणि बाकीचे मधले. म्हणजे तीनशे माणसं बसलेली असतील तर तुमच्या कामाची तीस-चाळीस त्यांच्यातच आहेत. तुम्हाला लागतात सहा.

तयारीचं थोडक्यात. आपल्याकडे विदर्भात हंगाम दिवाळी ते होळी: मंडई म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, शाळा-कॉलेजांची गॅदरिंग. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा भागात मंडईच्या रात्री झाडीपट्टीचं रात्रभर चालणारं नाटक असतंच, म्हणून संध्याकाळी 7 ते 9 ची वेळ मागा. ग्रामपंचायतीचं पत्र आणि लाउडस्पीकरची परवानगी आयोजकांनी काढलेली आहे हे डोळ्यांनी पाहून घ्या. स्टेज बहुतेक वेळा ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून केलेलं असतं, तेव्हा खुर्च्या काठापासून निदान चार फूट आत लावा, त्याही हाताच्या. साउंडवाल्याला सांगा की तुमच्या खुणेशिवाय एक सूरही वाजवायचा नाही. लाइट जाणारच हे धरून चाला आणि बॅटरीवर चालणारा माइक जवळ ठेवा.

खेळ सुरू करताना पाच मिनिटं नीट बोला. हे मनाचं शास्त्र आहे, माझ्याकडे कुठलीही दैवी शक्ती नाही, मी भूत उतरवत नाही, कोणाच्या इच्छेविरुद्ध काही करू शकत नाही. हे स्पष्ट शब्दांत सांगायचं. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे. पण नुसत्या कायद्याच्या धाकाने हे बोलू नका. घाबरलेली माणसं खुर्चीत अंग ढिलं सोडत नाहीत, म्हणून खेळासाठीही ते लागतं.

आता निवड. मला सगळ्यात जास्त झगडायला लावलं ते इथे. पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘स्वेच्छेने पुढे येणाऱ्यांना बोलवा.’ शहरातल्या हॉलमध्ये ते चालत असेल. गावात तुम्ही ‘कोण येतं?’ असं विचारलंत की तीन प्रकारची माणसं स्टेजवर चढतात: मित्रांनी ढकललेली पोट्टी, थोडी घेतलेले आणि तुम्हाला खोटं पाडायला निघालेले. ज्यांच्यावर प्रयोग सुंदर होईल ती माणसं मागे सतरंजीवर गप्प बसलेली असतात. म्हणून स्वयंसेवक कधीही मागू नका. सगळ्या मांडवाला एकदम चाचणीत घ्या.

हात गुंतवायची चाचणी सगळ्यात चांगली. बोटांतल्या अंगठ्या काढून खिशात ठेवायला सांगा. मग म्हणा: दोन्ही हात छातीसमोर घ्या, बोटं बोटांत गुंतवा, तळवे एकमेकांवर दाबा. आता आपल्या दोन्ही हातांच्या अंगठ्यांकडेच पाहा, माझ्याकडे नको. मी पाचपर्यंत मोजतो. दर आकड्याला हात जास्त घट्ट होतील, सुतळीने करकचून बांधल्यासारखे. आवाज चढवू नका, घाई करू नका. पाच झाल्यावर म्हणा, ‘सोडवून पाहा, सुटत नाहीत.’ तीन-चार सेकंद, बस. लगेच सांगा, ‘आता ताकद लावू नका.’ बहुतेकांचे हात तोवर सुटलेले असतात. ज्यांचे सुटले नाहीत त्यांनाच तसेच गुंतलेल्या हातांनी वर बोलवा आणि वर आल्यावर एकेकाला ‘हात मोकळे झाले’ असं शांतपणे म्हणून सोडवा. जे लाजून वर येत नाहीत त्यांनाही तिथल्या तिथे सोडवणं तुमचं काम आहे. मांडवात एकही हात गुंतलेला ठेवून पुढे जाऊ नका.

चाचणी चालू असताना तुम्ही बोलण्यात गुंगून गेलात तर निवड हातची गेली. डोळे लोकांवर हवेत. ज्याचे हात खरोखर अडकलेत त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडतात, कोपरं नकळत वर येतात आणि तो आपल्याच हातांकडे नवलाने पाहत राहतो. नाटक करणारा आधी शेजाऱ्याकडे पाहतो. हा फरक एकदा ओळखता आला की दहाव्या रांगेतूनही कळतो.

पंधरा-वीस जण वर आले की दुसरी चाचणी. डोळे मिटून दोन्ही हात समोर. डाव्या हातात पाण्याने भरलेली बादली, उजव्या मनगटाला मोठा फुगा, अशी कल्पना करायला सांगा. बादलीत आणखी एक तांब्या पाणी ओता, मग आणखी एक. खऱ्या माणसाचा हात हळूहळू, मध्येच थांबत, बारीक झटक्यांनी खाली येतो आणि पापण्या थरथरत असतात. सोंग करणारा हात एकसारखा, भराभर खाली नेतो. तिसरी चाचणी मनातल्या कच्च्या चिंचेची: बुटुक तोडलं, दातांखाली धरलं, चावलं. गळ्याकडे पाहा. लाळ गिळणं दाखवायला म्हणून करता येतं, पण कानाखाली जबडा आंबटाने आवळल्यासारखा होतो तो सहजासहजी करून दाखवता येत नाही.

आता उरलेल्यांना खाली पाठवायचं, आणि नवखे लोक इथे गाव गमावून बसतात. शंभर ओळखीच्या लोकांसमोर ‘तुमच्यावर होत नाही, उतरा’ असं माइकवर म्हटलेलं माणूस विसरत नाही. तो सरपंचाचा पुतण्या निघाला तर उरलेला खेळ शिट्ट्यांतच जाईल. माइक बाजूला करून, जवळ जाऊन, हळू आवाजात म्हणा, ‘भाऊ, तुम्ही छान साथ दिली, आता खाली बसून बघा.’ शेवटी सगळ्यांसाठी एकदम टाळ्या घ्या. आणखी एक पाहा: उरलेले सहा जण एकाच मोहल्ल्याचे नसावेत. तसं झालं की बाकीचं गाव ‘सेटिंग आहे’ म्हणून मोकळं होतं. गावातल्या जातीच्या भिंती तुम्हाला दिसोत न दिसोत, त्या मांडवातही असतात.

कोणाला घ्यायचं नाही याबाबत मी जराही सवलत देत नाही. दारू प्यायलेला माणूस नाही. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे म्हणून तिथे मांडवात कोणी घेतलेला नसेल असं समजू नका. मोहाच्या दारूचा वास ओळखायला शिका. मिरगी म्हणजे फेफरं येणारे, मनाच्या आजारावर गोळ्या चालू असलेले, हृदयविकाराचे, गरोदर बाया, 18 वर्षांखालची मुलं: नाही म्हणजे नाही. ब्रिटनमध्ये स्टेज-संमोहनावर 1952 पासून कायदा आहे आणि 18 वर्षांखालच्या मुलांवर असा प्रयोग करायला तिथे मनाई आहे. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही, म्हणून ही मर्यादा आपणच पाळायची. शाळेच्या गॅदरिंगला बोलावणं आलं तर मुलांसाठी चाचण्या आणि गप्पा करा. खुर्चीवर मोठी माणसंच बसतील हे हेडमास्तरांना आधी सांगा.

या सूचना माइकवर सांगून भागत नाही. ‘मले मिरगी येते’ म्हणून चारचौघांत कोण हात वर करेल? मी गावातल्या आशाताईंना, म्हणजे सरकारी आरोग्यसेविकेला, स्टेजच्या बाजूला खुर्ची देतो. कोणाचं नाव मी विचारत नाही, आजार विचारत नाही. निवडलेली माणसं वर आली की एकदा आशाताईंकडे पाहतो. त्यांनी मान हलवली की तो माणूस पहिल्याच फेरीत, इतरांसोबत, कोणाच्या लक्षात न येता खाली जातो.

सगळ्यात अवघड बाब अंगात येणाऱ्यांची. अशी बाई किंवा बुवा चाचणीत हमखास पहिला येतो, कारण तंद्रीत जायची सवय त्याला वर्षानुवर्षांची असते. नवख्याला मोह होतो. घेऊ नका. तुमच्या ‘अंग ढिलं सोडा’ला तो सरावलेल्या वाटेने उत्तर देतो, म्हणजे घुमायला लागतो, आणि दोन मिनिटांत मांडवात कोणीतरी हळद-कुंकू घेऊन उभा राहतो. त्या क्षणी तुमचं सुरुवातीचं सगळं बोलणं पाण्यात गेलं. खाली बसलेली एखादी बाई डोलायला लागलेली दिसली तर बोलण्याची लय ताबडतोब मोडा. आवाज मोठा करा, सगळ्यांना उभं राहायला सांगा, टाळ्या वाजवून घ्या. तिच्याकडे बोट दाखवू नका आणि तिच्या श्रद्धेवर एक शब्दही बोलू नका. शेजारच्या बायांना तिला पाणी द्यायला सांगा आणि पुढे चला.

बायांना निवडताना सोबत तुमची सहकारी स्त्री असलीच पाहिजे. ती जवळ जाईल, तुम्ही नाही.

निवड नीट झाली की तंद्रीत नेणं सोपं आहे. पायापासून डोक्यापर्यंत एकेक अवयव ढिला सोडायला सांगत दहा मिनिटं एका लयीत बोला. पुस्तकी शब्द नकोत. गाव वऱ्हाडी बोलत असेल तर वऱ्हाडी, झाडीबोली बोलत असेल तर झाडीबोली.

प्रसंग आनंदाचे द्या. हातात कासरा धरून शंकरपटात बैल हाकणं, खंजिरी वाजवत भजन, गार वारा, सातचा आकडा विसरणं. माणसाला दोन खुर्च्यांच्या काठांवर आडवा ठेवून वर उभं राहण्याचा प्रकार करू नका, त्यात पाठीचा कणा जातो. बालपणात परत नेऊ नका. आग, साप, चोरी, हरवलेले पैसे, मेलेलं माणूस असं काहीही सुचवू नका. यवतमाळ-अमरावतीच्या एखाद्या गावात खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या घरात कर्जापायी काय घडून गेलंय हे तुम्हाला माहीत नसतं. तंद्रीतला माणूस हसतो तसाच मनापासून रडतो. कोणी रडायला लागलं तर माइक बंद करा, त्याच्या उंचीला बसा, गावाचं नाव घ्या, ‘सगळं ठीक आहे, डोळे उघडा’ म्हणा आणि घरच्या माणसाजवळ नेऊन बसवा. खेळ पाच मिनिटं थांबला तरी चालेल.

बाहेर काढताना दिलेली प्रत्येक सूचना नाव घेऊन परत घ्या: सात परत आला, कासरा सुटला, अंग नेहमीसारखं. मग एक ते पाच. प्रत्येकाला नाव, गाव, वार विचारा, पाणी द्या, चार पावलं चालवा. अर्धा तास मोटारसायकलला हात लावू देऊ नका.

खेळ संपला की लोक भोवती जमतील. पोराची दारू सोडवा, सुनेच्या अंगात येतं ते घालवा, झोप येत नाही. पैसेही देऊ करतील. तुम्ही डॉक्टर नाही, म्हणून एकही केस हातात घेऊ नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर कागदावर लिहून द्या, जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग सांगा, नागपूर जवळ असेल तर तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय सांगा. मी ह्या चिठ्ठ्या घरूनच लिहून नेतो, कारण त्या वेळी गर्दीत पेन सापडत नाही आणि विचारणारा माणूस पुन्हा विचारायला येत नाही.