व्हर्च्युअल टीपीएमचा ड्रायव्हर लिहायला बसण्याआधी

टीपीएम म्हणजे मशीनच्या किल्ल्या आणि बूटची मोजमापं सांभाळणारी सुरक्षेची चिप. व्हर्च्युअल टीपीएम ही तिची सॉफ्टवेअरमधली नक्कल, आणि ड्रायव्हर म्हणजे कर्नलला, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, तिच्याशी बोलता यावं म्हणून लिहिलेला कोड. तो लिहायचा असेल तरी पहिलं काम एडिटर उघडायचं नाही. ड्रायव्हर लिहायची खरंच गरज आहे का, हे आधी बघा. लिनक्स कर्नलच्या सोर्समध्ये ड्रायव्हर्स (drivers), त्यात चार (char), त्यात टीपीएम (tpm) अशी डिरेक्टरी आहे. एक अख्खी सकाळ तिच्यात घालवा. क्यूईएमयू हा व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम. त्याच्या गेस्टमध्ये, म्हणजे आत चालणाऱ्या मशीनमध्ये, दिसणारी चिप खोटी असली तरी येते ती खऱ्या चिपांच्याच सोंगात, टीआयएस किंवा सीआरबी या त्यांच्याच बोलण्याच्या पद्धती वापरत, त्यामुळे तिथे नेहमीचेच दोन ड्रायव्हर चालतात. आयबीएमच्या पॉवर मशीनसाठी वेगळा ड्रायव्हर आहे, झेन या हायपरवायझरसाठीचा (व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर) २०१३ पासून आहे आणि एएमडीच्या एसईव्ही-एसएनपी गेस्टमधल्या (ज्यांची मेमरी होस्टपासून सुरक्षित ठेवलेली असते) एसव्हीएसएम या सुरक्षा-थरासाठीचा २०२५ मध्ये कर्नलच्या ६.१६ आवृत्तीत आला. चिपचं काम यूजरस्पेसमधला, म्हणजे कर्नलबाहेर चालणारा, एखादा प्रोग्राम करणार असेल, तर स्टीफन बर्गर यांचा व्हीटीपीएम-प्रॉक्सी २०१६ पासून, म्हणजे ४.८ आवृत्तीपासून तयारच आहे. माझ्याकडे 'नवीन ड्रायव्हर हवाय' म्हणत आलेल्या बहुतेकांचं यातल्याच एकावर भागलं. मलाही एकदा आठवडाभर लिहिलेला कोड पुसावा लागला होता, म्हणून हे आधी सांगतोय.

तरीही लिहायचाच असेल, तर एक कागद घ्या आणि पलीकडे कोण बसलंय ते लिहा. खऱ्या चिपच्या बाबतीत हा प्रश्न पडत नाही, ती मदरबोर्डवर चिकटवलेली असते. व्हर्च्युअल चिपच्या पलीकडे मात्र होस्टवरची, म्हणजे गेस्ट ज्या मशीनवर चालतो तिथली, एसडब्ल्यूटीपीएमसारखी टीपीएमची नक्कल करणारी प्रोसेस असेल, खुद्द हायपरवायझर असेल, नाहीतर गेस्टच्याच आत जास्त अधिकाराच्या पातळीवर चालणारा एखादा थर असेल. पुढचे सगळे निर्णय यावरूनच ठरतात. होस्टवर विश्वास असेल तर त्याने पाठवलेली लांबी चुकीची निघणं हा बग. कॉन्फिडेन्शियल गेस्टमध्ये (एसईव्ही-एसएनपीसारख्या, होस्टपासून झाकलेल्या) होस्टवर विश्वास नसतोच. तिथे तीच चुकीची लांबी म्हणजे हल्ला.

मग वाचन. टीपीएम २.० चे सगळे भाग पाठ करायच्या भानगडीत पडू नका. ड्रायव्हर हा टपालवाला आहे: पाकिटात काय आहे हे त्याला कळायची गरज नसते, वजन तेवढं बघायचं. तुम्हाला लागतात ते प्रत्येक आदेशाच्या डोक्याचे, म्हणजे हेडरचे, दहा बाइट. दोन बाइटचा टॅग, चार बाइटची एकूण लांबी, चार बाइटचा आदेशाचा कोड. एक आदेश मात्र हाताने लिहून भिंतीवर चिकटवा, तो रोज लागेल. यादृच्छिक १६ बाइट मागायचे तर पाठवायचं ते असं: ८०, ०१, मग ००, ००, ००, ०सी, मग ००, ००, ०१, ७बी, आणि शेवटी ००, १०. सगळे आकडे हेक्समधले, एकूण १२ बाइट. उत्तर नीट आलं तर ते २८ बाइटचं असतं: दहा डोक्याचे, दोन लांबीचे, सोळा कामाचे.

या सगळ्यात मोठ्या किमतीचा बाइट आधी, म्हणजे बिग-एंडियन. तुमचं एक्स८६ मशीन उलटं वाचतं. एकदा मी लांबी उलटवायला विसरलो आणि २८ बाइटच्या उत्तरासाठी ड्रायव्हर ४६,९७,६२,०४८ बाइटांची वाट बघत बसला. स्पार्स हे तपासणीचं टूल पहिल्या दिवसापासून चालू ठेवा आणि लांबीच्या व्हेरिएबलला बिग-एंडियन प्रकारच द्या. हा घोळ मग कंपाइल करतानाच पकडला जातो.

आता त्याच कागदावर तीन उत्तरं लिहा. आदेश पलीकडे कसा जाणार, उत्तर तयार झालं हे कसं कळणार, आणि मोठ्यात मोठं पाकीट किती. पहिली दोन कधीकधी एकच असतात. एसव्हीएसएमच्या ड्रायव्हरमध्ये आदेश देणारा कॉल परत येतो तेव्हा उत्तर बफरमध्ये पडलेलंच असतं. ना इंटरप्ट, ना 'झालं का, झालं का' विचारणं. म्हणून तो ड्रायव्हर इतका छोटा आहे, आणि नवख्याने आधी तोच वाचावा असं माझं मत. तुमची वाहतूक अशी सरळ नसेल, तर स्टेटस आणि कॅन्सल ही दोन फंक्शनं मनापासून लिहावी लागतील. आरएसए किल्ली बनवायला पलीकडचा काही सेकंद घेऊ शकतो, तेवढ्यात माणूस कंट्रोल-सी दाबतो.

तिसऱ्या उत्तरात लोक हमखास फसतात. कर्नलचा टीपीएम बफर ४,०९६ बाइटचा. क्यूईएमयूच्या सीआरबीमध्येही पान तेवढंच, पण त्यातले पहिले १२८ बाइट रजिस्टर खातात, उरतात ३,९६८. म्हणजे कर्नलला चालणारं पाकीट पेटीत मावेलच असं नाही. पाठवण्याआधी तपासा, मावत नसेल तर सरळ एरर परत करा. कापून पाठवू नका.

उत्तर वाचायच्या बाबतीत टीपीएम-सीआरबीतला एक तुकडा वाचण्यासारखा आहे. लांबी कळायला सहा बाइट पुरतात, पण तो आठ वाचतो, म्हणजे उरलेलं वाचन आठच्या पटीतल्या पत्त्यावरून सुरू होतं. ते आठ बाइट आधी स्वतःच्या बफरमध्ये घेतो, लांबी त्या कॉपीतून काढतो, ती दहापेक्षा कमी किंवा बफरपेक्षा जास्त असेल तर तिथेच थांबतो, आणि नंतर नवव्या बाइटपासून पुढचं आणतो. डोकं दुसऱ्यांदा वाचायला जात नाही. हे शेवटचं नीट लक्षात घ्या. बफर होस्टबरोबर वाटून घेतलेला असेल, तर तपासणी आणि वापर यांच्या मधल्या क्षणात होस्ट आकडा बदलू शकतो. आधी कॉपी, मग तपासणी, आणि मूळ जागेकडे परत वळायचं नाही.

आता नोंदणीचा क्रम, कारण रात्री जागवतो तो हाच. चिप रजिस्टर करणारं फंक्शन नुसतं नाव नोंदवून परत येत नाही. परत येण्याआधीच ते पलीकडे आदेश पाठवतं: सेल्फ-टेस्ट, गरज पडली तर स्टार्टअप, क्षमतांची चौकशी. पाठोपाठ कर्नलचा रँडम नंबरवाला विभागही बाइट मागायला दारात उभा. म्हणून बफर, लॉक, चिपला जोडलेला तुमचा खासगी डेटा हे सगळं नोंदणीच्या आधी जागेवर हवं, 'एवढं नंतर करू' असलं काही उरता कामा नये. व्हीटीपीएम-प्रॉक्सीत तर आणखी एक गाठ होती. तिथे चिपचं काम करणारा प्रोग्रामच आयओसीटीएल (ड्रायव्हरला खास विनंती करण्याचा कॉल) करून नवी चिप मागतो. नोंदणी त्याच कॉलमध्ये केली असती, तर कर्नल उत्तराची वाट बघत बसला असता आणि उत्तर देणारा त्याच कॉलमध्ये अडकलेला. म्हणून नोंदणी वर्कक्यूवर, म्हणजे कर्नलच्या मागाहून करायच्या कामांच्या रांगेत, टाकली आहे. तुमच्या रचनेत असं कुठे होतंय का, बाण काढून बघा.

प्रयोगशाळा साधी पुरते. एक गेस्ट, शेजारी एसडब्ल्यूटीपीएम, सीरियल कन्सोलचं आउटपुट फाइलमध्ये, कर्नलमध्ये केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारा) आणि लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारा) चालू. मशीन मरतं तेव्हा शेवटच्या चार ओळी त्या फाइलीतच सापडतात. डिव्हाइस फाइल उघडताना 'बिझी' आलं तर आपल्या ड्रायव्हरला शिव्या घालण्याआधी बघा, टीपीएम० ही फाइल एका वेळी एकालाच उघडता येते आणि मागे एखादी सर्व्हिस ती धरून बसलेली असते. शेलमधून आदेश पाठवताना लिहिणं आणि वाचणं एकाच उघडलेल्या डिस्क्रिप्टरवर करा. फाइल बंद झाली की उत्तरही गेलं.

एसडब्ल्यूटीपीएम चिपची अवस्था जिथे साठवतं त्या स्टेट डिरेक्टरीचीही एक कॉपी काढून ठेवा. गेस्टची डिस्क मागच्या स्नॅपशॉटवर नेली आणि टीपीएमची स्टेट तशीच राहिली, तर सील केलेली (टीपीएमने बंद करून ठेवलेली) किल्ली कधीकधी उघडत नाही आणि माणूस दिवसभर ड्रायव्हरमध्ये बग शोधतो. उलट तीच स्टेट दोन गेस्टना दिली, तर दोघांची ओळख एकच होते. टेस्टिंगला ठीक, बाहेर नको.

ड्रायव्हर मॉड्यूल ठेवायचा की कर्नलमध्येच बिल्ट-इन, हे आयएमए (फाइलींची मोजमापं घेणारा कर्नलचा भाग) वापरणाऱ्याला आधी विचारा. आयएमए बूटच्या वेळीच चिप शोधतं आणि मोजमापं पीसीआर १० या चिपच्या रजिस्टरमध्ये घालतं. मॉड्यूल नंतर लोड झालं तर लॉगमध्ये 'नो टीपीएम चिप फाउंड, अ‍ॅक्टिव्हेटिंग टीपीएम-बायपास' एवढी एक ओळ येते आणि बाकी सगळं सुरळीत चालल्यासारखं दिसतं. आमच्याकडे ही ओळ तीन आठवडे कुणाच्या नजरेला पडली नव्हती.

पॅच पाठवण्याआधी चेकपॅच हे कोडची मांडणी तपासणारं स्क्रिप्ट चालवा आणि कर्नलमधल्या टीपीएम२ च्या सेल्फटेस्ट पास करून घ्या, हे वेगळं सांगायला नको. पण खरी परीक्षा मॉड्यूल काढताना होते. एका खिडकीत भिंतीवरचा तो १२ बाइटांचा आदेश लूपमध्ये सोडा, दुसऱ्या खिडकीतून मॉड्यूल काढा आणि परत घाला, असं दोनशे वेळा. काढताना आधी चिप अनरजिस्टर, मगच बफर मोकळा. क्रम उलटा असेल तर केएसॅन पहिल्या काही फेऱ्यांतच ओरडेल. पहिल्या खिडकीत एरर दिसणं ठीक आहे. ती खिडकी गोठली, तर पॅच पाठवू नका.