नसेपासून स्नायूपर्यंत: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

फिजिऑलॉजीतला नर्व्ह-मसलचा धडा बहुतेकजण पाठ करून निभावून नेतात, आणि परीक्षेपुरतं ते चालूनही जातं. पुढे ईएमजीच्या, म्हणजे स्नायूंतली वीज नोंदवणाऱ्या तपासणीच्या, खोलीत पडद्यावर खऱ्या स्नायूचे सिग्नल उमटायला लागले की मात्र पाठांतराचा आधार सुटतो. म्हणून नव्या मुलांना मी एकच सवय लावते. प्रत्येक पायरीवर थांबून विचारायचं: इथे विजेचं काम चाललंय, रसायनाचं की ओढीचं?

नसेतली वीज स्नायूत उडी मारत नाही. मध्ये जेमतेम ५० नॅनोमीटरची फट असते. नसेच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरतं, अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन बाहेर पडतं आणि पलीकडच्या रिसेप्टरना, म्हणजे त्याला पकडणाऱ्या प्रथिनांना, चिकटतं. स्नायुतंतू एरवी उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. तिथे आता नवी लहर उठते, ती स्नायूची स्वतःची. क्युरारे हे विष या रिसेप्टरनाच अडवतं: नस ठीक, स्नायू ठीक, पण हालचाल बंद.

ही लहर साधारणपणे तंतूच्या मधल्या भागातून निघून दोन्ही टोकांकडे धावते. वेग सेकंदाला ३ ते ५ मीटर. हाताच्या मोटर नसेत तोच ५० च्या वर असतो, कारण नसेला मायलिनचं, म्हणजे चरबीयुक्त, आवरण असतं. टी-ट्यूब्यूलमधून, म्हणजे तंतूच्या पडद्यातून आत गेलेल्या बारीक नळ्यांतून, लहर तंतूच्या आत खोलवर जाते आणि साठवलेलं कॅल्शियम सुटतं. हृदयात त्यासाठी आधी बाहेरचं कॅल्शियम आत यावं लागतं, हातापायांच्या स्नायूंत नाही. व्हायव्हात हा प्रश्न हमखास येतो. ट्रोपोनिन, अ‍ॅक्टिन, मायोसिन या प्रथिनांमुळे प्रत्यक्ष ओढ कशी घडते, तो भाग पुस्तकांत चांगला असतो, तो तिथेच वाचा.

त्यापेक्षा एक आकृती स्वतः काढा. एकाच वेळेच्या अक्षावर विद्युत लहर आणि आकुंचन, दोन्ही. लहर काही मिलिसेकंदांत संपते, आकुंचन मात्र दहापट किंवा त्याहूनही जास्त वेळ टिकतं. म्हणूनच लागोपाठ आलेल्या लहरींची ओढ एकावर एक चढते. टिटॅनस (तो आजार नव्हे, ओढी एकत्र होऊन झालेलं सलग आकुंचन) मला तरी या आकृतीशिवाय कुणाला समजावता आलेला नाही.

ईएमजी बघताना लक्षात असू द्या की दिसते ती वीज, ताकद नव्हे. रुग्णाला हळूहळू जोर लावायला सांगितलं की आधी छोटी मोटर युनिट (एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले स्नायुतंतू) जागी होतात, मग मोठी. त्वचेवरचे इलेक्ट्रोड तंतूंच्या दिशेने लावा आणि नस जिथे स्नायूला मिळते ती जागा टाळा. तिथून लहरी दोन्हीकडे जातात, त्यामुळे सिग्नल एकमेकांना खोडतात आणि चांगला स्नायूही दुबळा भासतो.

सुईने तपासताना निरोगी, सैल स्नायू सुई टोचल्यावर मशीनच्या स्पीकरवर क्षणभर कुरकुरतो आणि गप्प होतो. गप्प झाला नाही तर लगेच फिब्रिलेशन (आजारी स्नायुतंतूंत आपोआप उठणाऱ्या लहरी) लिहून मोकळे होऊ नका. कानाला शंख लावल्यासारखा घुमारा येत असेल आणि रुग्ण जास्त दुखतंय म्हणत असेल, तर सुई बहुधा एंड-प्लेटजवळ, म्हणजे नस स्नायूला मिळते तिथे, आहे. तिथले स्पाइक (टोकदार लहरी) अनियमित असतात आणि त्यांची सुरुवात निगेटिव्ह असते. फिब्रिलेशन सहसा नियमित पडतं आणि सुरुवात पॉझिटिव्ह. सुई किंचित सरकवा आणि पुन्हा ऐका.