कर्माचा हिशेब रोज कसा तपासावा

गाडी चुकली, बढती हुकली किंवा घरात आजारपण आले की कपाळावर हात मारून आपण 'आपलं कर्म!' म्हणतो. या उद्गारात कर्माचा अर्थ नशीब असा होऊन बसतो. मूळ शब्दाचा अर्थ मात्र कृती असा आहे. वेदान्तात त्याचे तीन भाग सांगितले जातात: जन्मोजन्मी साठलेले ते संचित, त्यातले फळाला आलेले ते प्रारब्ध आणि आज आपल्या हातून घडते आहे ते क्रियमाण. रोजच्या तपासणीसाठी यातले तिसरेच घ्यावे, कारण तेवढेच आपल्याला डोळ्यांसमोर मांडता येते.

त्यासाठी वेळ ठरलेली असावी. रात्रीची जेवणे आटोपल्यावरची पंधरा मिनिटे चालतील. संध्याकाळी घरी परतताना लोकलमध्ये बसायला जागा मिळत असेल तर तीही वेळ चांगली. दिवसभराचा पाढा वाचू नये. जिचा दुसऱ्या माणसावर परिणाम झाला अशी एकच कृती निवडावी आणि साध्या वहीत दोन ओळींत लिहावी, पण त्या ओळींत 'त्यांनी असे केले म्हणून' हे शब्द येऊ देऊ नयेत.

पुढची पायरी हेतूची आहे आणि तिला सर्वाधिक वेळ द्यावा. बुद्धांनी चेतनेलाच, म्हणजे हेतूलाच, कर्म म्हटले. जैन परंपरा आणखी बारकाईने पाहते: तत्त्वार्थसूत्रातील हिंसेच्या व्याख्येत प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, मुळाशी आहे. त्यामुळे 'माझ्या मनात तसे नव्हते' एवढ्यावर वही मिटता येत नाही. मन तेव्हा कुठे होते, हेही विचारावे लागते.

माझ्याच वहीतले एक पान सांगतो. एका जुलैत पावसाने दोन दिवस लोकल बंद पडल्या आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी येऊ शकल्या नाहीत. महिनाअखेरीस मी सवयीने दोन खाडे कापून पाकीट त्यांच्या हाती दिले. त्यांनी दारातच नोटा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या आणि काही न बोलता पदराला बांधल्या. त्याच दोन दिवसांत मीही कार्यालयात गेलो नव्हतो आणि माझा पगार पूर्ण आला होता. रात्री लिहायला बसलो तेव्हा दुष्ट हेतू कुठेच सापडला नाही. सापडला तो निव्वळ बेसावधपणा, आणि त्याचे फळ मात्र दुसऱ्याच्या घरी पोहोचले होते.

चूक अशी हाती लागली की ती जिच्याशी झाली त्याच व्यक्तीपाशी निस्तरावी. मंगळवारी प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या रांगेत उभे राहून दानपेटीत टाकलेल्या पैशांनी मावशींचे पैसे फिटत नाहीत. जैन शेजारी संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत घरोघरी येतात, तेव्हा क्षमा माणसाच्या समोर उभे राहून मागायची असते हेच आपल्याला दिसते. मी पैसे परत दिले आणि 'कापायला नको होते, माझे चुकले' असे घरातल्या सगळ्यांसमोर म्हटले. दुसरे काम पहिल्यापेक्षा जड गेले.

चांगल्या कृतीचे फळ मोजत बसू नये. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसावा श्लोक अधिकार कर्मापुरताच ठेवतो. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत पाण्याच्या कोरीव टाक्या आहेत. तिथल्या शिलालेखांत अशा टाकीला 'पोढी' म्हटले आहे, आणि काही दात्यांनी आपल्या दानाचे पुण्य आईवडिलांच्या व सर्व जीवांच्या हितासाठी अर्पण केल्याचे कोरून ठेवले आहे. त्या टाक्यांत पावसाचे पाणी अजूनही साठते.

एक पथ्य मात्र कधीही मोडू नये: ही वही दुसऱ्याच्या नावाने उघडू नये. फुटपाथवर झोपलेल्या कुटुंबाकडे पाहून 'पूर्वजन्मीचे भोग' म्हणणे ही तपासणी नसून आपली जबाबदारी झटकणे आहे. पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांतामुळे गरिबांच्या व दलितांच्या स्थितीबद्दलच्या जबाबदारीतून समाज आणि शासन सुटतात, हा आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1957 मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतला, आणि मला तो पूर्णपणे पटतो. अशा वेळी वहीत लिहायचा प्रश्न एवढाच, की त्या कुटुंबाजवळून जाताना आज मी काय केले.