बसण्यावर घरातच टॅक्स लावायचा असेल तर

२०२३ साली आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) मोठा सर्व्हे आला त्यात गोव्यातल्या मोठ्या माणसांपैकी २६.४ टक्के लोकांना डायबिटीस निघाला, देशभराचा आकडा ११.४, म्हणजे आपण सगळ्या राज्यांच्या पुढे. माझ्या बाबांनाही आहे, म्हणून हे अगदी कळकळीने लिहितेय. कारणं बरीच असतात, खाणं, वय, घराण्यात असणं, पण संध्याकाळी जेवून सोफ्यावर बसलं की झोपेपर्यंत उठायचंच नाही, हे कारण तरी आपल्या हातातलं आहे. मग बसून राहण्यावर टॅक्सच लावला तर, असं मनात येतं, पण सरकारने टीव्ही बघण्यावर टॅक्स लावला तरी कोण किती वेळ बसलं हे मोजणार कोण? घरात मात्र ते दिसतं. फोंड्याला आमच्या घरी काय जमलं आणि काय फसलं ते सांगते.

पैशांचा टॅक्स लावू नका. आम्ही आधी तासाला दहा रुपये ठेवले होते, डब्यात टाकायचे. मुलगा पॉकेटमनीतले पन्नास टाकायचा आणि पाच तास गेम खेळत बसायचा, वर म्हणायचा भरले ना पैसे. त्याचं काही चुकलं नाही, पैसे भरले की बसायचा हक्कच विकत घेतल्यासारखं होतं. मग ठरवलं टॅक्स पायांनी भरायचा.

दर असा ठेवा, अर्धा तास बसलं की पाच मिनिटं चालायचं, जरा दम लागेल असं, मोबाईल हातात न घेता. संध्याकाळी तीन तास बसलात तर तीस मिनिटं होतात, पाच दिवसांची १५०, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला कमीत कमी तेवढीच सांगते. मुलांना रोज ६० मिनिटं लागतात, त्यामुळे त्यांनी मैदानावर जायचं ते वेगळं, ते यात धरू नका.

वसुली जागच्या जागी. एपिसोड संपला की पुढचा सुरू व्हायच्या आधी उठायचं, उद्या एकदम भरतो ही उधारी नाही, कारण मांड्यांचे मोठे स्नायू हलले की रक्तातली साखर ओढून घेतात आणि बसून राहिलं की ते काम थंडावतं. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं तर कुणालाच माफ करू नका, साखर तेव्हाच चढत असते.

एक गोष्ट मला फार पटलेली, टॅक्स आधी जाहीर करायचा. ब्रिटनने साखरेच्या कोल्ड्रिंकवरचा टॅक्स २०१६ मध्ये जाहीर केला आणि २०१८ मध्ये लावला, मधल्या काळात बऱ्याच कंपन्यांनी साखर आधीच कमी केली. आम्हीही पंधरा दिवस आधी कागद फ्रिजवर लावला तर आई त्याआधीच सिरियल बघताना उभ्याने कपड्यांच्या घड्या घालायला लागली!

अभ्यासावर टॅक्स लावायचा का यावर घरात बराच वाद झाला. माझं मत, लावायचा, पण हलका, तासाला दोन मिनिटं, कारण पुस्तक आहे की रील्स हे पायांना कळत नाही.

पाऊस हे गोव्यात सगळ्यात मोठं निमित्त. जून ते सप्टेंबर बाहेर पडणं होत नाही म्हणून पडवीत फेऱ्या, फ्लॅट असेल तर जिना, पण ओल्या जिन्यावर चप्पल घट्ट हवी. आजीचे गुडघे दुखतात, ती खुर्चीवरून दहा वेळा उठते-बसते, झाला तिचा टॅक्स. आणि इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर चालणं एकदम वाढवायच्या आधी डॉक्टरना विचारा, साखर खाली जाऊ शकते, बाबांना आम्ही विचारूनच सुरू केलं.

चतुर्थीला घर माणसांनी भरलेलं असतं तेव्हा हिशोब कुणी ठेवत नाही, बायका फुगडीला उभ्या राहिल्या की त्यांचा त्या दिवसाचा टॅक्स वसूल, पुरुषांनी मात्र पत्त्यांच्या डावातून उठून पाट-भांडी उचलायची. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी कागद परत फ्रिजवर.