सिस्कोच्या स्विचवर एसएसएच सुरू करताना

टेलनेटमधून (दुरून लॉगिन करण्याच्या जुन्या पद्धतीतून) जाणारा पासवर्ड तारेवरून साध्या अक्षरांत जातो, आणि मधल्या कोणत्याही जागी पॅकेट पकडणाऱ्याला तो सहज वाचता येतो. अशाच पासवर्डचोरीनंतर 1995 मध्ये फिनलंडच्या तातू युलनेन यांनी एसएसएच, म्हणजे कूटलेखन करून दुरून लॉगिन देणारी पद्धत, लिहिली. म्हणून सिस्कोच्या स्विचवर (नेटवर्कमधील संगणक जोडणाऱ्या उपकरणावर) दुरून लॉगिन द्यायचे असेल, तर टेलनेटचा विचारच करू नये.

सुरुवात संगणक थेट स्विचला जोडणाऱ्या कन्सोल केबलने करावी. टर्मिनल प्रोग्रॅममध्ये वेग 9600 ठेवावा. स्विचच्या व्यवस्थापन व्हीलॅनला (स्विच हाताळण्यासाठीच्या आभासी नेटवर्कला) आयपी पत्ता द्यावा आणि ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे’ विसरू नये, कारण गेटवे (दुसऱ्या नेटवर्ककडे जाण्याचा मार्ग) नसेल तर त्याच सबनेटमधून (नेटवर्कच्या त्याच भागातून) लॉगिन व्यवस्थित होते, पण दुसऱ्या सबनेटमधून काहीच उत्तर येत नाही आणि आपण उगाच एसएसएचमध्ये दोष शोधत बसतो.

एसएसएचला आरएसए या कूटलेखन पद्धतीच्या किल्ल्यांची जोडी लागते आणि त्या किल्लीचे नाव होस्टनेम व डोमेन यांवरून ठरते. त्यामुळे आधी होस्टनेम बदलावे, ‘आयपी डोमेन-नेम’ भरावे आणि मगच ‘क्रिप्टो की जनरेट आरएसए’ ही आज्ञा द्यावी. किल्लीची लांबी विचारली जाते तेव्हा 2048 बिट सांगावे. 768 बिटांहून लहान किल्लीवर एसएसएचची दुसरी आवृत्ती चालतच नाही. ही आज्ञाच ओळखली जात नसेल, तर स्विचमधले आयओएस (सिस्कोची कार्यप्रणाली) बहुधा कूटलेखनाची सोय नसलेले असते आणि ते बदलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यानंतर ‘आयपी एसएसएच व्हर्जन 2’ लिहून पहिली, कमकुवत आवृत्ती बंद करावी.

वापरकर्ता तयार करताना ‘पासवर्ड’ऐवजी ‘सीक्रेट’ हा शब्द वापरावा, म्हणजे पासवर्ड हॅश होऊन, मूळ रूपात परत न आणता येईल असा, साठवला जातो. व्हीटीवाय लाइनवर (दुरून लॉगिनसाठीच्या आभासी लाइनवर) ‘लॉगिन लोकल’ आणि ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’ या दोन ओळी लिहाव्यात. सर्वांत जास्त चूक इथेच होते: अनेकजण फक्त 0 ते 4 या लाइन नीट करतात आणि 5 ते 15 तशाच राहतात, म्हणजे पुढचे दार बंद करून मागचे सताड उघडे ठेवल्यासारखे होते. आज्ञा ‘लाइन व्हीटीवाय 0 15’ अशी एकदमच द्यावी.

कोणत्या पत्त्यांवरून लॉगिन चालेल हे ‘ॲक्सेस-क्लास’ने ठरवता येते. मात्र यादीत स्वतःचा पत्ता राहून गेला, तर दुरून बसलेला माणूस बाहेरच अडकतो. कन्सोल हाताशी नसताना असे बदल करायचे झाल्यास, चालू कॉन्फिगरेशन आधी साठवून ‘रीलोड इन 10’ द्यावे. अडकलात तर दहा मिनिटांनी स्विच पुन्हा सुरू होऊन जुन्या स्थितीत येतो, आणि सारे ठीक असेल तर ‘रीलोड कॅन्सल’ करावे. दरम्यान नवे कॉन्फिगरेशन साठवू नये, नाहीतर या युक्तीला काही अर्थ उरत नाही.

चाचणी दुसऱ्या खिडकीतून, पहिले सत्र चालू ठेवूनच घ्यावी. जुन्या स्विचशी जोडताना नवा क्लायंट (लॉगिन करणारा प्रोग्रॅम) कधी कधी किल्लीचा प्रकार जुळत नाही म्हणून नकार देतो. 2021 च्या ओपनएसएसएच 8.8 या क्लायंटपासून शा-1 या जुन्या हॅश पद्धतीवर आधारित आरएसए सह्या मुळातच बंद आहेत. तेव्हा क्लायंटच्या सेटिंगमध्ये फक्त त्या एका पत्त्यापुरती सूट द्यावी. दुसरे लॉगिन यशस्वी झाले की चालू कॉन्फिगरेशन स्टार्टअपमध्ये साठवावे आणि त्यानंतरच कन्सोलची केबल काढावी.